अख्खी फळं

"दोनच हात दिलेत देवानं. माणसानं काय काय करावं!"

चारुशीला ओट्याशी उभी राहून पुटपुटली. ती कुणाला उद्देशून बोलली नव्हती. पण ओटा आणि जेवणाचं टेबल यांच्यात जेमतेम सहा फूट अंतर होतं, आणि त्या सहा फुटांवर सरिता मेश्राम आपले दोन्ही हात रिकामे घेऊन बसली होती.

ओट्यावर सांबाराच्या बारा जुड्या पडल्या होत्या. कोथिंबिरीला सांबार म्हणणाऱ्या या गावात थंडी सुरू झाली की सांबारवडीला मरण नसतं, असं चारुशीलाचं म्हणणं होतं, आणि तिघींच्या धंद्याची सुरुवात त्या म्हणण्यावरच झाली होती. पण सांबार निवडा, तीन पाण्यांतून काढा, फडक्यावर पसरून खडखडीत कोरडा करा. जरा ओल राहिली की सारण पाणी सोडतं आणि वडी तेलात फुटते. बारा जुड्या म्हणजे एकटीचं काम नव्हे.

सरिता उठली. पदर खोचला आणि सिंकपाशी जाऊन उभी राहिली.

"दे इकडे. मी निवडते."

"अगं, तू कशाला? तू बस." चारुशीलानं जुड्या नकळत स्वतःकडे ओढल्या. "तुझं ते फॉर्मचं बघ. ते जास्त महत्त्वाचं."

"भरून झाला फॉर्म."

"मग एकदा वाचून बघ. तुझ्यासारखं बारीक वाचणं आम्हाला जमतं का?"

खाली चटईवर पोळपाट घेऊन बसलेली वंदना ढोबळे हसली. पारी लाटता लाटता कुणाची तरी फिरकी घेणं हा तिचा ऑफिसपासूनचा धर्म होता.

"बस ना वं सरिता. साहेबीण आहे तू आमची. आम्ही घाम गाळतो, तू सह्या ठोक."

सरिता परत टेबलाशी येऊन बसली. आपण बसलो याचाच तिला राग आला. खुर्ची तिनं जरा जोरानंच ओढली, पण फरशी नवीन होती, आवाज म्हणावा तसा आला नाही.

तिघी सिव्हिल लाइन्सच्या एकाच ऑफिसातून याच वर्षी निवृत्त झाल्या होत्या. जूनमध्ये चारुशीला, ऑगस्टमध्ये वंदना आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी सरिता. जायच्या आधी साहेबांनी सरिताला बोलावून सांगितलं होतं, आणखी एक वर्ष कंत्राटावर थांबा, आवक-जावक तुमच्याशिवाय कोण सांभाळणार? तिनं लेखी नकार दिला. आम्ही तिघी मिळून काम काढतोय म्हणाली, आणि म्हणताना जरा मान वर करून म्हणाली. त्या खुर्चीवर आता कन्हानचा एक रिटायर्ड बाबू येऊन बसला होता. परतीचा रस्ता तिचा तिनंच बंद केला होता.

आणि काम काय वाट्याला आलं? परवान्याचा अर्ज. नंदनवन वस्तीतल्या प्रदर्शनात शनिवारचा स्टॉल. दुकानदारांशी बोलणं. पाकिटांवर लेबल चिकटवणं, तेही पाकीट सील झाल्यावर. सील व्हायच्या आधीचं काहीच नाही. हे तिच्या पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा ती इंदोऱ्याच्या चौकात सिग्नलला उभी होती, आणि सिग्नल सुटला तरी उभीच राहिली. मागच्यानं हॉर्न वाजवून शिवी घातली.

तसं ध्यानात यायला नवीन काय होतं? एकोणतीस वर्षांपूर्वी ती ऑफिसात लागली, त्या पहिल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत तिनं डब्यात भरली वांगी नेली होती. टेबलावर सगळ्यांचे डबे फिरायचे. तिचा डबाही फिरला. पाच जणींच्या हातांतून फिरला आणि जेवढी वांगी घेऊन गेला तेवढीच घेऊन परत आला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिनं वांगी मोजूनच नेली होती. चौथ्या दिवशी तिनं पिशवीभर संत्री नेली, आणि सगळे हात एकदम पुढे आले. "सरिता, काय गोड आहेत गं!" तेव्हापासून थंडीत संत्री, मग बोरं, मग केळी, सीताफळं. साल असलेलं काहीही, पण अख्खं. स्वतःची भाजी ती मागाहून आपल्या टेबलावर फायलींच्या आडोशाला खायची. कुणी काही म्हटलं नाही. तिनंही नाही. फळं आणणारी सरिता म्हणून तिचं नाव पडलं आणि ते तिनं गोड मानून घेतलं.

आजही तिच्या खुर्चीला संत्र्यांची पिशवी अडकवलेली होती. सकाळी निघताना हात आपसूक टोपलीकडे गेला होता.

"सरिता," चारुशीलानं पाठमोऱ्यानंच विचारलं, "काल फोनवर म्हटलं होतं ते केलंस ना? पदार्थ करणाऱ्यांत माझं नि वंदनाचं, दोनच नावं?"

"नाही. तीन आहेत."

"अगं, तुझं लागणार नाही म्हटलं ना. उगाच तुझे डॉक्टरचे कागद जोडायचे, कशाला व्याप?"

"कागद आहे माझ्याजवळ."

तिनं पर्समधून घडी काढली, उलगडली आणि टेबलावर तळहातानं सपाट केली. मागच्या आठवड्यात एकटीच जाऊन तिनं हा दाखला आणला होता. रक्त तपासलं, डोळे तपासले. डॉक्टर पोरगीच होती, तिच्या लेकीएवढी, रितिकाएवढी. तिनं सरिताचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, नखं पाहिली आणि लिहून दिलं, ही व्यक्ती अन्नपदार्थ हाताळण्यास योग्य आहे. खाली सही आणि शिक्का. दवाखान्याबाहेर स्कूटीवर बसून सरितानं ते वाक्य दोनदा वाचलं होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी असं वाक्य पुन्हा वाचावंसं वाटावं, याची तिला लाजही वाटली होती.

"डॉक्टरनं हात पाहून देल्ला आहे," ती म्हणाली.

वंदनाचं लाटणं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

"तसं नाही गं," चारुशीला वळली. "रोज इतक्या लांबून तू येणार..."

"मी रोज येऊनच राहिली ना. टेबलाशी बसाले."

"शिवाय चव एका हाताची लागते."

"मग वंदनाचा हात काहून चालते?"

चारुशीलानं उगाच गॅस मोठा केला. कढईत कालच्या सारणाच्या पहिल्या घाण्यासाठी तेल तापत होतं.

"तुला तर माहितीय, हे स्वयंपाकघर सासूबाईंचं. त्यांचं सगळं किती कडक होतं. अजून मला..."

तिघींच्याही नजरा भिंतीकडे गेल्या. इंदुताई चंदनाच्या हारातून समोर बघत होत्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. जिवंत असताना त्या सरिताला कधी टोचून बोलल्या नव्हत्या, फार तर "बस गं पोरी" एवढंच म्हणायच्या. मेल्यावर मात्र त्यांच्या नावावर बरंच काही चढलं होतं.

"नावं तीन राहतील," सरिता म्हणाली. आवाज चढू नये म्हणून ती एकेक शब्द सुटा सुटा ठेवत होती. "नाही तर माझं कुठंच नाही राहणार. अर्जात नाही, धंद्यात नाही. सांग, काय करू?"

"तू काहीतरी भलतं मनात घेऊन बसली आहेस!" चारुशीलाचा आवाज फुटला. "मी तुझ्याशी कधी तसं वागले? तुझं प्रमोशन अडवलं तेव्हा साहेबासमोर कोण भांडलं? रितिकाच्या वेळी तू दवाखान्यात होतीस, तेव्हा रात्रभर कोण बसलं? मी तसलं मानते का? सांग ना, मानते मी?"

हे सगळं खरं होतं. साहेबासमोर तीच भांडली होती. दवाखान्याच्या बाकावर तीच बसली होती. खरं होतं म्हणूनच सरिताला जास्त संताप आला. नुसती दुष्ट बाई असती तर एकोणतीस वर्षांपूर्वीच सोडून दिली असती.

ती उठली, फ्रिजपाशी गेली आणि वर ठेवलेला स्टीलचा डबा खाली काढला. डबा तिचाच होता. सोमवारी तिनं घरी सांबारवडी करून नमुना म्हणून आणली होती. मंगळवारी चारुशीलाचा फोन आला होता, छान झाल्या होत्या गं, खुसखुशीत. आज शुक्रवार. झाकण सुटू नये म्हणून सरितानं दुहेरी पीळ देऊन लावलेलं रबर होतं तसंच होतं.

तिनं रबर काढलं. झाकण उघडल्यावर आंबूस वास आला. आठच्या आठ वड्या जागेवर होत्या. कडेच्या एकीवर पांढरी बुरशी चढली होती.

डबा तिनं ओट्यावर, चारुशीलाच्या पुढ्यात ठेवला.

"कशा झाल्या होत्या?"

चारुशीलानं रागानं पदरानं हात पुसले, कोरडेच होते तरी.

"अगं, राहून गेलं असेल. घाईत माणूस... तुझं मन राखायला म्हटलं मी! तेही चुकलं का? वंदना, तू तरी सांग हिला. इतकी वर्षं आपण हिच्या सुखदुःखात नव्हतो? लग्नालासुद्धा दोघी मिळून गेलो होतो की नाही?"

गेल्या होत्या. रितिकाच्या लग्नाला दोघीही आल्या होत्या, मुलीला पैठणी घेऊन. स्टेजवर फोटो काढला, रडल्यासुद्धा. जेवायच्या वेळी मात्र दोघी म्हणाल्या, आज उपास आहे गं, आणि एकेक केळं सोलून खाल्लं. दुसऱ्या दिवशी सकाळी, मांडवातली फुलं झाडून झाल्यावर, सरितानं खिळ्यावरचं कॅलेंडर खाली काढून पाहिलं होतं. एकादशी नाही, चतुर्थी नाही. साधा बुधवार. तिनं कॅलेंडर परत लावलं आणि रितिकालासुद्धा काही सांगितलं नाही.

"सांग ना वंदना!"

वंदना चटईवरून उठली. गुडघ्याला हात टेकून, हळू. पिठाचे हात तसेच. नेहमीसारखं ती काहीतरी फेकेल, दोघींना हसवेल, आणि मग चहा होईल. चारुशीला त्याचीच वाट बघत होती. खरं तर सरिताही.

वंदनानं डब्यात पाहिलं.

"सरिता," ती म्हणाली, "रितिकाच्या लग्नात मले उपास नव्हता."

कढईतलं तेल धुरावलं होतं. गॅसकडे कुणाचाच हात गेला नाही.

"चारूले बी नव्हता."