लाइनची शीळ

मंगलानं फोन पुन्हा गौरीच्या हातात ठेवला आणि नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"अगं आई, कोणाचा फोन नाही आलाय. तानपुरा आहे तो, फोनमधला. तू गा ना त्याच्यावर. सा म्हण, सा..."

मंगलानं एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा फोनकडे. मग चालत्या डाव्या हातानं फोन उचलून तिनं तो जयंतरावांपुढे धरला. घ्या, तुमचाच असेल. घरात फोन वाजला की नवऱ्याकडे पोचवायचा, ही दुकानाच्या दिवसांपासूनची सवय. जीभ लुळी पडली, पण सवय जागच्या जागी होती.

जयंतरावांनी फोन घेतला, बंद केला, टेबलावर ठेवला, तिथून उचलून कपाटावर ठेवला. उठून खिडकी उघडली. मग लावून घेतली.

"अण्णा, तुम्ही एका जागी बसा हो. तुम्हाला बघून मलाच चक्कर येते," मांडीवरच्या अनयला थोपटत गौरी म्हणाली.

"बसलोय की," ते उभ्याउभ्याच म्हणाले.

श्रावणातल्या एका सकाळी कणीक मळताना मंगलाचा उजवा हात परातीतच राहून गेला होता. हात हळूहळू थोडा परतला, पाय परतला, बोलणं मात्र परतलं नाही. समजायचं सगळं. हसायची, रागवायची, आंघोळीचं पाणी गार झालं तर बादलीवर हात आपटायची. पण शब्द म्हणून एक येईना. 'अहो'सुद्धा नाही. त्या 'अहो'ला जयंतराव आयुष्यभर वैतागले होते. हातात तारा झाळायची तापलेली डागणी असावी, नजर एखाद्या केसाएवढ्या तारेवर असावी, आणि नेमकं तेव्हाच आतून यावं, "अहो, ऐकलंत का?" आता घरात भांडं पडलं तरी ते दचकून तिच्या तोंडाकडे बघत.

हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपीच्या बाई भल्या होत्या. "आंटी गाती थीं क्या?" त्यांनी विचारलं होतं. "बोलने का रास्ता बंद हो जाए, तब भी गाने का कभी-कभी खुला रहता है. जो सुर बरसों से गाती हों, उसी में गवाइए. और देर मत कीजिए, पहले कुछ महीने ही कीमती हैं."

तेव्हापासून घरात सुरांची नुसती रांग लागली. शेजारून कीबोर्ड आला. ओळखीची पेटी आली. गौरी बाळंतपणानंतर राहायला म्हणून आली होती ती राहूनच गेली. अनयला पाजताना, झोपवताना ती आईच्या सगळ्या आरत्या आणि अंगाई म्हणून बघायची. मंगला ऐकायची. पाहुण्यांच्या मुलानं म्हटलेली कविता ऐकून घ्यावी, तशी. दिवाळी होऊन गेली.

जयंतराव खिडकीशी थांबले. खोलीच्या कोपऱ्यात जुन्या चादरीखाली एक ओबडधोबड आकार होता. त्यावर गौरीनं बाळाच्या लंगोटांच्या घड्या रचून ठेवल्या होत्या.

"बरसों से गाती हों," ते स्वतःशीच म्हणाले.

"काय?"

"काही नाही. हे कपडे उचल इथले."

चादरीखाली ऑर्गन होता. जयंतरावांचा ऑर्गन. माधव नगरात त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान नवीन होतं, लग्नही नवीन होतं, आणि मंगलाला पेटी हवी होती. "विकत कशाला, मी बनवून देतो," ते म्हणाले होते. मोडक्या पेटीच्या पट्ट्या मिळवल्या, सुताराकडून खोका करून घेतला, आत विजेवर सूर काढणारी जोडणी केली. आवाज निघाला, पण टिकेना. वैशाखात सूर चढायचा, पौषात उतरायचा, आणि संध्याकाळी शेजारची चक्की सुरू होऊन वीज मंदावली की एकदम घसरायचाच. मंगला गाता गाता थांबून म्हणायची, "अहो, तुमचा सा निघाला फिरायला."

न हलणारं काहीतरी हवं होतं. ते सापडलं दुकानातच. टीव्ही चित्र काढतो ते एकेक ओळ आखत, आणि प्रत्येक ओळीगणिक आतून एक अतिबारीक शीळ निघते; कारागीर तिला लाइनची शीळ म्हणत. ही शीळ प्रत्येक टीव्हीची वेगळी भरकटू नये, म्हणून टॉवरवरून चित्राबरोबर ताल धरणारी खूण येते, आणि गावातले सगळे टीव्ही तिच्या मागे मुकाट चालतात. जयंतरावांनी ऑर्गनच्या पोटात एक अख्खा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही बसवला आणि त्या शीळेला मानगुटीला धरलं. निम्मी केली. निम्म्याची निम्मी. अशी सहा वेळा केली, आणि सा लागला. बाकीचे सूर त्याच शीळेचे निरनिराळे भाग पाडून काढले. उन्हाळा येवो, चक्की चालो, सा जागचा हलेना. चित्र सरळ उभं राहिलं की सूरही उभा राहिला, म्हणून पडदाही वर तसाच ठेवला होता. आवाज बंद केलेल्या बातम्यांसमोर बसून मंगला भूप गायची.

"आमच्या पेटीला सूर दिल्लीहून येतो," येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत.

"आणि पंचम तेवढा पायी येतो," मंगला आतून म्हणायची. कारण शीळेचे भाग करताना पंचमाचा हिशेब पुरता बसला नव्हता. तो केसभर उतरलेलाच राहिला. प्रत्येक वेळी पंचम वाजला की मंगला नाक मुरडायची. आणि तो सा तरी कुठला? काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधला, जगातल्या कुठल्याच पेटीत नसलेला. मराठी समाजाच्या भजनी मंडळात पेटीवाले म्हणायचे, "वहिनी, जरा चढा." ती चढायची, आणि पुढच्या कडव्यात आपल्या घरच्या सुरावर परत यायची. मग तिनं जाणंच सोडलं. घरी गायची. गौरी त्याच सुरात झोपली, त्याच सुरात पाढे शिकली.

पुढे डिश आल्या, सेट-टॉप बॉक्सचे डबे आले, दुकान मिटलं. टॉवरवरचं प्रसारण बंद झालं त्या दिवशी ऑर्गनच्या पडद्यावरचं चित्र तिरपं फाटलं, आणि सा पुन्हा फिरायला निघाला. जयंतरावांनी चादर घातली. धंदा खाणारा तो डबा त्यांनी घरात कधी येऊ दिला नव्हता. आता मात्र ते कोपऱ्यात उभे राहून तोच विचार करत होते. त्या डब्यात स्वतःचं घड्याळ असतं, ताल धरणारी तीच खूण देणारं. टॉवर असो, नसो.

"गौरी, मी आलोच."

"आता कुठे? पोहे केलेत मी, गार होतील."

ते जिन्यात पोचलेही होते.

पहिला दुकानदार म्हणाला, "पिवळी पिनवाला डिब्बा? अब कौन लेता है अंकल. कल मँगवा दूँगा." दुसराही म्हणाला, कल. 'कल' हा शब्द त्या दिवशी जयंतरावांना सोसवत नव्हता. त्यांनी स्कूटर भैरवगढकडे वळवली.

रफ़ीक छीपाच्या कारखान्यात कापडावर पडणाऱ्या ठशांचा ठक ठक आवाज चालला होता. ओल्या चादरी दोरीवर टाकल्या होत्या आणि त्यांच्या मधून वाट काढत रफ़ीक पुढे आला. त्याचा टीव्ही जयंतरावांनी इतक्या वेळा उघडला होता की आत त्याच्यापेक्षा त्यांचंच सामान जास्त झालं होतं.

"डिब्बा?" रफ़ीक हसायला लागला. "आपने तो कसम खाई थी, जयंत बाबू, कि इसकी शकल नहीं देखूँगा."

"शकल देखनी भी नहीं है. उसकी घड़ी चाहिए."

"घड़ी चाहिए तो टॉवर चौक के घंटाघर जाते. यहाँ काहे को धूल खाई?" हे म्हणता म्हणता त्यानं स्टुलावर चढून भिंतीवरच्या फळीवरून डबा काढलासुद्धा. "ले जाओ. इसमें अब छिपकली रहती है, एक बार उससे पूछ लेना." मग खाली उतरून, आवाजही उतरवून म्हणाला, "भाभी कुछ बोलीं?"

"नहीं."

ठसा चुकलेल्या कापडाच्या एका तुकड्यात रफ़ीकनं डबा नीट बांधला. त्याच्या अंगठ्याचा लाल ठसा त्याच्यावर उमटला, तो त्यानं पुसायचा प्रयत्न केला आणि अजून पसरवला.

घरी आल्यावर जयंतरावांनी हातही धुतले नाहीत. ऑर्गनची मागची फळी उघडली. आत झुरळांचं घर होतं, आणि त्याखाली त्यांच्या तरुण हातांनी ओढलेल्या तारा, रंगवार, सुतानं बांधलेल्या. इतकं नीटनेटकं आपण कधी काम करत होतो, याचं त्यांना नवल वाटलं. डागणी दोनदा चुकीच्या जागी टेकली. डब्यातून चित्र नेणारी पिवळी पिन कापून तिची तार जिथे पूर्वी टॉवरचं चित्र यायचं तिथे जोडायची, एवढंच काम. पूर्वी गिऱ्हाईकाचा चहा संपायच्या आत झालं असतं.

मंगला खाटेवर उशीला टेकून खिडकीबाहेर बघत होती. गौरी तिच्या पायाशी बसून अनयला पाजत होती.

"अण्णा, आधी जेवून घ्या ना. हे काय आज नाही झालं तर..."

"आजच."

त्यांनी बटण दाबलं. पडदा हळूहळू उजळला. राखाडी पट्टे तिरपे धावायला लागले. सवयीनं त्यांनी कान पुढे केला आणि वाट पाहिली. काहीच नाही. एके काळी रस्त्यावरून जाताना कोणत्या घरात टीव्ही चालू आहे, हे ते शीळेवरून सांगायचे.

"गौरी, शीळ येते का?"

"कसली शीळ?"

"लाइनची. पंखा बंद कर. आता ऐक."

गौरीनं हात लांबवून पंखा बंद केला. खोली शांत झाली. तिनं मान हलवायला सुरुवात केली, तेवढ्यात तिच्या छातीशी असलेला अनय चोखायचा थांबला. दुधाचे ओठ तसेच उघडे ठेवून त्यानं मान वळवली आणि ऑर्गनकडे टक लावून बघू लागला.

"अण्णा, हा बघा," गौरी हळूच म्हणाली. आणि मग, "हो. येतेय. एकदम बारीक, कानात सुई घातल्यासारखी. लहानपणी यायची ना, तशीच. तुम्हाला नाही येत?"

"मला नको यायला. तुम्हाला येतेय ना, बस झालं."

त्यांनी मागचं बटण केसभर फिरवलं. तिरपे पट्टे जाड झाले, मग मोजके, मग एकदम पडदा ताठ उभा राहिला. त्यावर अक्षरं आली.

गौरीला हसू फुटलं. "अण्णा, ह्याच्यात तर लिहिलंय, सिग्नल नहीं है."

"लिहू दे. घड्याळ चालू आहे त्याचं."

त्यांनी स्टूल ओढलं आणि सा दाबला.

आवाज आला. थोडा नाकातला, थोडा मोटारीच्या भोंग्यासारखा, पण तोच. मंगला खिडकीबाहेर बघत राहिली. त्यांनी बोट उचललं, पुन्हा दाबलं. ती बाहेरच बघत होती. तारेवर एक पोपट बसला होता, बहुधा त्याच्याकडे.

"आई," गौरी म्हणाली.

"तू बोलू नकोस," जयंतराव म्हणाले. त्यांना उठून जावंसं वाटलं. जिना उतरावा, स्कूटर काढावी, कुठेही जावं. राम घाटावर जाऊन नुसतं पाणी बघत उभं राहावं. त्याऐवजी त्यांनी सारेगम वाजवायला घेतलं, पहिल्यांदा वाजवून दाखवलं होतं तसं, एकेका बोटानं. सा. रे. ग. म.

प.

मंगलानं नाक मुरडलं.

डाव्या बाजूचंच मुरडलं गेलं. उजवी बाजू मागे राहिली. पण मुरडलं. आणि मान वळवून ती जयंतरावांकडे बघायला लागली, तेच जुनं बघणं, की अजून नाहीच का दुरुस्त केलात हा.

गौरीनं तोंडावर हात धरला. जयंतरावांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी बोट पंचमावरून उचललं, हळूच 'सा'च्या पट्टीवर आणलं आणि दाबून धरलं.

बराच वेळ नुसता ऑर्गनच वाजत होता. मग त्याच्या खालून काहीतरी आलं. आधी वाटलं, खोकला. मग घोगरं, फाटकं, जमिनीवरून सरपटत असल्यासारखं काहीतरी वर चढायला लागलं. मध्येच घसरलं, पुन्हा चढलं, आणि 'सा'पाशी येऊन उभं राहिलं. शब्द नव्हता. नुसता आ. पण बरोबर तिथेच, काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे, जिथे तिच्याशिवाय कोणीच कधी उभं राहिलं नव्हतं.

श्वास संपला. मंगलानं तो पुन्हा घेतला. पुन्हा आ.

"अण्णा," गौरी कुजबुजली, "आता शब्द घेऊन बघू या? आरती? अंगाई?"

त्यांनी मान हलवली. थांब. ते कान देऊन होते, त्या 'आ'च्या मागे आणखी काही येतं का, छोटंसं, 'हो'वर संपणारं. ते आलं नाही. आ मात्र येत राहिला, थांबत थांबत, आणि प्रत्येक वेळी थोडा कमी घोगरा. अनयनं शीळेचा नाद सोडून पुन्हा प्यायला सुरुवात केली होती.

गौरीनं मघाशी आणून ठेवलेल्या चहावर साय धरली. खिडकीतलं ऊन खाटेवरून भिंतीवर गेलं. पडद्यावर तीच अक्षरं ताठ उभी होती, सिग्नल नहीं है. आयुष्यात एका जागी न बसलेला माणूस स्टुलावर वाकून बसला होता. बोटाला कळ लागली होती, आणि ते त्यानं उचललं नाही.