नावाड्याचा हिरवा सदरा

तळ्यावरच्या नावाड्याने अख्ख्या गल्लीला शहाणं केलं. फक्त स्वतःच्या घरात त्याचं तोंड उघडत नव्हतं.

झालं होतं असं, की तळ्यावर जाड हिरवा तवंग धरला होता. वल्हं टाकलं की ओंजळभर शेवाळ वर. पाणी तपासणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "धुण्याच्या पावडरीतलं फॉस्फेट मोऱ्यांमधून इथे येतं. शेवाळाला ते खतच. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पाणी निवळलं नाही, तर नाव कायमची काठावर."

नावाडी दारोदार फिरला. फॉस्फेट नसलेली पावडर घ्या, चमच्याने मोजून टाका, असं सांगत सुटला. लोकांनी ऐकलंही. पण त्याची बायको मूठमूठ पावडर ओतायची, आणि तिच्या धुण्याला नावं ठेवण्याची त्याची छाती नव्हती.

शेवटी शेजारणीनेच बिंग फोडलं. "वहिनी, भाऊजी आम्हाला चमचे मोजायला लावतात, आणि तुमच्या मोरीला तर फेसाचा पूर आलाय."

त्या संध्याकाळी बायकोने ओला सदरा त्याच्यासमोर धरला. "अहो, जगाला सांगत फिरलात. मला का नाही सांगितलं?"

"तू चिडशील म्हणून."

"चिडलेच आहे. पावडर काय हौसेने ओतते मी? हे डाग बघा. रोज शेवाळ अंगावर घेऊन येता. एका मुठीत निघत नाही, म्हणून तीन टाकते."

नावाडी सदऱ्याकडे बघतच राहिला. "म्हणजे शेवाळ काढायला तू पावडर टाकतेस, आणि त्याच पावडरीवर शेवाळ पोसतंय."

"आणि मधल्या मधे तुम्ही टपालवाले," ती म्हणाली, आणि रागावलेली असूनही तिला हसू फुटलं.

तिने निकाल दिला: नावेवर हाच एक सदरा घालायचा, हिरवा तर हिरवा, ती तो नुसता पाण्यातून काढणार. पावडर बदलली, मुठीच्या जागी चमचा आला. फेस कमी झाला म्हणून आठवडाभर तिने नाक मुरडलं. मग चादरी पूर्वीसारख्याच निघाल्या, तेव्हा गप्प बसली.

उन्हाळ्यात बाईंनी बाटली भरून उजेडात धरली. "चालू द्या नाव."

पहिल्या फेरीला बायको नावेत बसली. वल्हं वर आलं, त्यावरून नितळ पाणी ठिबकत होतं. सगळ्या तळ्यावर हिरवा उरला होता तो एक सदरा.

"आता टाका हा धुवायला," ती म्हणाली.

नावाड्याने वल्हं थांबवलं. "किती पावडर घालशील?"

"अर्धा चमचा," ती म्हणाली. "विचारायची हिंमत आली म्हणायची."