सहा अंशांचा उतार

बाबांनी आईबद्दल सांगायचे ते सांगून टाकले. मग त्यांनी गवंडीकामाच्या पिशवीतून पाणसळ काढून माझ्या पलंगाच्या कडेवर ठेवली. काचेतला बुडबुडा माझ्या पायांकडे सरकला आणि तिथेच राहिला.

"उतार आहे," ते म्हणाले.

"सहा अंश," मी म्हणालो. "डोकं खाली, पाय वर. अंतराळात रक्त असंच डोक्याकडे चढतं."

"झोपून राहायचं काम तुला जमेल, हे तुझ्या मास्तरांनी शाळेतच ओळखलं होतं."

मी हसलो. तेही हसले असते. पण मघाचे वाक्य आमच्या दोघांमध्ये अजून पडून होते. आईचे दोन-तीन दिवसच उरले होते. ती आता डोळे उघडत नव्हती, ऐकतही नव्हती. घरी अंथरुणावर नुसता माझा हात चाचपडत शोधत होती.

एक्कावन्न दिवस मी या प्रयोगासाठी असा पडून होतो. यानातून जाणाऱ्यांच्या देहाचे काय होईल, ते इथे माझ्या देहात वाचले जात होते. आधी चेहरा सुजला, पाठ ठणकली. मग शरीराने निमूटपणे तक्रार सोडली. आता हा उतारच मला सपाट वाटे, आणि समोर ताठ उभे असलेले बाबा कललेले.

"मी येतो," मी म्हणालो. प्रयोग मधेच सोडून जायची करारात मुभा होती.

डॉक्टरीणबाईंनी अडवले नाही. मला फळीवर पट्ट्यांनी बांधून त्यांनी ती हळूहळू उभी केली. रक्त पायांकडे ओघळले, आणि परत वर चढायची वाट त्याला आठवेना. डोळ्यांपुढे अंधारी आली.

शुद्धीवर आलो तेव्हा मी पुन्हा आडवा होतो.

"झोपवूनच नेतो मग," बाबा म्हणत होते. "गाडी बघतो."

डॉक्टरीणबाईंनी माझ्या मानेवर यंत्राचे थंड टोक फिरवले, पडद्याकडे पाहिले, पुन्हा फिरवले. "शिरेत रक्ताची गुठळी झालीय. दहा दिवस तरी यांना हलवता येणार नाही."

बाबांनी पाणसळ पुसून पिशवीत ठेवली.

"बाबा," मी म्हणालो, "माझा म्हणून तुमचा हात दिलात, तर तिला कळेल का?"

त्यांनी माझा हात हातात घेतला. एक्कावन्न दिवसांत तो तान्ह्या मुलासारखा मऊ झाला होता. त्यांनी आपला, सिमेंटने राठ झालेला तळवा उलटून क्षणभर पाहिला. मग पिशवी खांद्याला लावली, आणि एकेक पाऊल जमिनीवर नीट टेकवत दाराबाहेर निघून गेले.