हा कागद मी सोडणार नाही

हो, मीच बोलतोय. अंगावर ‘बिघडलेलं, वापरू नये’ ह्या कागदाचा उरलेला तुकडा चिकटलाय ना, तोच मी. कागद बघून लगेच पुढे सटकू नका राव, दोन मिनिटं थांबा. मी बिघडलेलो नाही. कधीच नव्हतो. आणि ज्याने हा चिकटवला त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

मी एक बाक आहे. बसायचा नाही, गुडघे टेकायचा. सुराबाया शहरातल्या एका वेल्डिंगवाल्याने मला जोडलं, मोटारसायकलच्या सीटा शिवणाऱ्या बाईने माझी गादी शिवली. मागे दोन कड्या आहेत. खेळाडू माझ्यावर गुडघे टेकतो, घोटे कड्यांत अडकवतो आणि अंग ताठ ठेवून हळूहळू पुढे झुकतो. झुकतो, झुकतो, आणि शेवटी धप्पकन हातांवर पडतो. तेवढ्यात डाव्या पायाने कडी किती ओढली, उजव्याने किती, ते मी पडद्यावर आकड्यांत सांगतो. म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूत किती दम आहे ते. जोरात पळताना फाटतो, तो हाच.

मला घडवून घेतलं म्बाक वेनिंगने. म्बाक म्हणजे ताई, अख्खी टीम तिला तसंच म्हणते. ती इथल्या फुटबॉल क्लबची फिजिओ. तीन हंगाम दर मंगळवारी तिने सगळ्यांना माझ्यावर झुकवलं, आकडे वहीत लिहिले, नंतर कोण जायबंदी झालं तेही शेजारी लिहिलं. त्यातून एक गोष्ट सापडली. एक पाय दुसऱ्यापेक्षा पाचव्या हिश्शाहून जास्त कमी पडला, की तो खेळाडू लवकरच मांडी धरून खाली बसतो. दर वेळी नाही, पण बहुतेक वेळा. मग अशांना तीन आठवडे बाहेर ठेवायचं आणि तो पाय तयार करायचा, एवढंच तिचं म्हणणं.

काय एकेक नमुने बघितलेत मी! कुणी तेंपे, म्हणजे सोयाबीनच्या तळलेल्या वड्या, खाऊन तेलकट हात माझ्याच गादीला पुसणार. कुणाच्या पाठीवर लाल रेघा, कारण अंगात वारा शिरला म्हणून घरी नाण्याने खरवडून घेतलेलं. आणि चलाखी तर बघा. हंगामाच्या पहिल्या मंगळवारी निम्मे जण मुद्दाम ढिले पडायचे, म्हणजे पुढे आकडा वाढला की ‘बघा, किती घाम गाळला’ म्हणायला मोकळे. मला कळायचं हो! नाटक करणारा दोन्ही पायांनी सारखाच ढिला पडतो.

ओबाजाने असलं काही कधी केलं नाही. पापुआचा पोरगा, उजव्या बाजूने असा सुटायचा की लाइन्समन मागे राहायचा. गुडघे टेकायच्या आधी मला थोपटायचा आणि म्हणायचा, “चल भावा, सांग खरं खरं.”

त्या मंगळवारी मी खरं खरं सांगितलं. उजवा तीनशे अडतीस, डावा दोनशे एकेचाळीस.

म्बाक वही घेऊन तडक कोच सुदिब्योंकडे गेली. शनिवारी मालांगवाल्यांशी सामना होता.

“कोच, ह्या शनिवारी त्याला बसवा. तीन आठवड्यांत मी तुम्हाला धडधाकट परत देते.”

“अगं, ही पोरं मुद्दाम ढिली पडतात. मीही पडायचो.”

“तसं असतं तर दोन्ही पाय पडले असते.”

“मग तुझं मशीन ढिलं असेल.”

त्यांनी ओबाजाला मालिशवाल्या सिराट आजोबांकडे धाडलं. आजोबांनी पाय चेपून दिला आणि आठवडाभर पळू नको म्हणाले. कोचच्या कानांनी त्यातलं ‘दुखणं गेलं’ तेवढंच ठेवून घेतलं.

शनिवारी तिसाव्या मिनिटाला ओबाजा सुटला आणि चार पावलांत मांडी धरून कोसळला. स्नायू हाडापासून सुटला होता. क्लबने पुढच्या हंगामाला त्याला घेतलं नाही. तो सेरुईला, आपल्या गावी परत गेला.

आता ऐका खरी हरामखोरी. पत्रकारांनी विचारलं तर कोच शांतपणे म्हणाले, मशीनने पाय ठीक दाखवला होता, मशीनच बिघडलंय. मग जाड मार्करने हा कागद लिहिला आणि बुटाचे तळवे चिकटवायच्या गोंदाने माझ्यावर थापला. म्बाकने मॅनेजरपुढे वही ठेवली. मॅनेजर म्हणाला, बिघडलेल्या मशीनचे आकडे घेऊन मी काय करू? एका कागदाने ओबाजाचा पाय, तिचे तीन हंगाम आणि माझा शब्द, तिन्ही मातीत.

सात महिने मी फाटके ढोल आणि फ्री किकच्या पत्र्याच्या पुतळ्यांमध्ये पडून होतो. एकच जप चालू होता. एकदा ये, सुदिब्यो. फक्त एकदा गुडघे टेक.

आणि आला! क्लबचा वाढदिवस होता, जुन्या खेळाडूंचा सामना ठेवलेला. पन्नाशीच्या गड्यांचे पाय जपायला हवेत म्हणून म्बाकने मला कागदासकट मैदानावर ओढून आणलं. पोटं सुटलेले सगळे म्हातारे जत्रेतल्यासारखे माझ्यावर शक्ती दाखवायला लागले. कोचही जुन्या खेळाडूंतलेच, पण लांब उभे राहून शेंगदाणे खात होते. एकाने डिवचलंच, “का रे दिब्यो, फाटली का?”

“बिघडलेल्या मशीनला कोण घाबरतं?” म्हणत त्यांनी गुडघे टेकले.

कबूल करतो, त्या क्षणी मला खोटं बोलायचं होतं. दोन्ही पाय तीनशे दाखवावेत आणि जाऊ द्यावं मरायला. पण मला खोटं बोलताच येत नाही, तशी सोयच नाही माझ्यात. मित्रांसमोर त्यांनी जीव खाऊन जोर लावला. उजवा दोनशे नव्वद, डावा एकशे चाळीस.

म्बाक पडद्याकडे बघत राहिली. तिच्याही मनात माझ्यासारखंच काही आलं असणार. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं तिने दोन्ही आकडे वाचले आणि म्हणाली, “कोच, आज खेळू नका.”

ते उठले, गुडघे झटकले आणि माझ्या कागदावर बोट आपटलं. “वाचता येतं ना?”

अकराव्या मिनिटाला, एका साध्या पासमागे धावताना, त्यांचा हात डाव्या मांडीमागे गेला. मला वाईट वाटलं का? छे. मी रेषेजवळून पोटभर बघितलं.

सिराट आजोबांना बोलावलं. त्यांनी बोटं लावली आणि लगेच काढली. “हे चोळायचं नसतं. बाकाचं ऐकायचं होतंस, दिब्यो. त्या पोराच्या वेळीही मी पळू नको म्हणालो होतो. तू अर्धंच ऐकलंस.” मॅनेजर शेजारीच उभा होता. खाली मान घालून त्याने म्बाककडे वही मागितली.

आता दर मंगळवारी टीम पुन्हा माझ्यावर झुकते. एक पाय फार कमी पडला तर खेळवायचं नाही, असा नियमच झालाय. आणि आठवड्यातून तीनदा कोच येतात, पाय बरा करायला. पहिल्याच दिवशी म्बाक म्हणाली, “आधी कागद काढा. बिघडलेल्या मशीनवर मी कुणाला घेत नाही.”

गोंद भारी निघाला. अर्धा कागद फाटून हातात आला, बाकीचा ते दर खेपेला नखाने खरवडतात. अजून शेवटची दोन अक्षरं आहेत. काल त्यांनी घाम पुसत हळूच विचारलं, “आज डावा किती?” मी सांगितलं, एकशे बहात्तर. आकडा मी कुणाचाही अडवत नाही, त्यांचाही नाही. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल तर त्याचं वेळेत ऐका, एवढंच मागणं.

ओबाजा सेरुईत पोरांना फुटबॉल शिकवतो, पळता येत नाही म्हणून उभ्याउभ्या. म्बाकला निरोप पाठवतो तेव्हा शेवटी विचारतो, भाऊ कसा आहे? त्याला परत येऊ दे, मला एकदा थोपटू दे. तोवर खरवडत बसा, कोच. ही दोन अक्षरं मी घट्ट धरून ठेवलीत.