समोरच्या फुटपाथवरून

प्रोग्राम मरत होता, पण कुणाच्या देखत मरत नव्हता, हीच तर सगळी गोम होती. टिंबीनं ऑफिसात त्याचा काय कमी छळ केला? पानंच्या पानं टाइप केली, अक्षरं जाड केली, तिरकी केली, मशीन तापेपर्यंत पळवलं. पठ्ठ्या ढिम्म! आणि पाट्या बनवणाऱ्या काकांच्या दुकानात मात्र तोच प्रोग्राम दिवसाआड धाडकन बंद पडायचा. मरताना जी नोंद मागे ठेवायचा तीही दर वेळी वेगळी. कधी म्हणे फाइल उघडताना मेलो, कधी म्हणे छपाईला पाठवताना. खोटारडा मेला! ऑफिसात त्याचं नावच 'लाजाळू' पडलं होतं.

टिंबी हे तिचं वडिलांनी ठेवलेलं नाव. वडील पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ही जन्मली ती एवढीशी, म्हणून ते म्हणाले, ब्रश टेकवला नि उचलला, झालं टिंब! आता हे टिंब चांगलं चाळिशीला आलं होतं आणि पडद्यावर अक्षरं काढणारं सॉफ्टवेअर बनवत होतं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या पाट्या एकेक करून उतरल्या, त्यांच्या जागी फ्लेक्स लागले. उतरायच्या आधी टिंबीनं जमतील तेवढ्या पाट्यांवर कागद धरून अक्षरं उतरवून घेतली होती आणि त्यांचा फॉन्ट बनवला होता. ब्रश जिथे थरथरला तिथली थरथरसुद्धा तिनं गुळगुळीत केली नव्हती. वडिलांचा हात म्हणून जगात आता तेवढंच उरलं होतं.

आणि लाजाळू नेमका त्याच फॉन्टवर मरत होता.

"फॉन्टच खराब आहे," मॅनेजर म्हणाला. "शुक्रवारी नवी आवृत्ती बाहेर पडतेय. तोवर कारण सापडलं नाही तर फॉन्ट काढून टाकायचा."

"नाचता येईना अंगण वाकडं!" टिंबी उसळली. "मरतो आपला प्रोग्राम, आणि दोष अक्षरांना?"

"मग दाखव ना मरताना."

दाखवणार काय, कप्पाळ? गुरुवारी सकाळी लॅपटॉप उचलून ती तडक काकांच्या दुकानात गेली.

काका म्हणजे काही सख्खे काका नव्हेत. वडिलांचे जोडीदार. दोघांनी मिळून हे दुकान काढलं होतं. तेव्हा भिंतीला शिड्या टेकलेल्या असत आणि रंगाचे डबे पायात येत. आता शिड्यांच्या जागी अक्षरं कापायचं यंत्र घरघरत होतं, पण टर्पेंटाइनचा वास काही गेला नव्हता. टिंबीनं आत पाऊल टाकलं. इथेच शिडीच्या खालच्या पायरीवर बसून तिनं शाळेचा अभ्यास केला होता.

"ये टिंबे. आली का डॉक्टरीण?" काकांनी खुर्ची झटकून पुढे केली. "बघ बाई तुझ्या पेशंटकडे."

"तुम्ही रोज करता तसंच करा, काका. मी आहे हे विसरूनच जा."

पण काका कसले विसरतात! शेजारी बाईमाणूस बसलंय, तेही शिकलेलं, म्हटल्यावर ते परीक्षेला बसल्यासारखे ताठ झाले. चष्म्याच्या दुकानाची पाटी करायची होती. एका बोटानं एकेक अक्षर हळूच दाबायचे, मग हात मांडीवर ठेवायचे आणि तिच्याकडे बघायचे. प्रोग्राम शहाण्या बाळासारखा चालला. दुपार झाली तरी चाललाच. दवाखान्याची पायरी चढली की दाढ दुखायची थांबते, त्यातली गत.

"तुझ्यासमोर मरायला लाजतोय बघ," काका ओशाळून म्हणाले. जणू चूक त्यांचीच.

तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला. आत यंत्राच्या घरघरीत ऐकू येईना, म्हणून ती रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिली.

"सापडलं?"

"अजून नाही."

"मग मी फॉन्टवर काट मारतो."

"संध्याकाळपर्यंत थांबा हो!" ती अक्षरशः गयावया करत होती. आणि बोलता बोलता तिची नजर दुकानाच्या काचेतून आत गेली.

काका आता एकटे होते. पाठीला पोक आलं होतं, चष्मा कपाळावर गेला होता. त्यांनी नाक पडद्याला टेकवलं आणि माउसचं चाक फिरवलं. एकच अक्षर फुगून पडदाभर झालं. मग खुर्ची मागे ढकलून त्यांनी चाक उलटं फिरवलं, सगळी ओळ मुंगीएवढी झाली. पुन्हा नाक पडद्याला, पुन्हा अक्षर पडदाभर. जवळ, लांब, जवळ. भराभर, लय धरून. आणि मग त्यांनी दोन्ही हात वर केले. पडदा पांढरा झाला होता.

"मेला!" टिंबी किंचाळली. मॅनेजरला वाटलं, कुणी माणूसच गेलं. त्याचं ऐकायला ती थांबली कुठे? फोन तोडून धावत आत आली.

"काका, आत्ता काय केलंत?"

"मी? काही नाही गं. रोजचंच."

"ते चाक कशाला फिरवत होतात?"

"हां, ते होय." काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा काढला. "अगं, मी शिडीवर असायचो आणि तुझा बाप समोरच्या फुटपाथवर. जवळून अक्षर कळतं, पण पाटी लांबूनच कळते. तो ओरडायचा आणि मी दुरुस्त करायचो. तो गेला. आता समोर उभं कोण राहणार? मग हे चाक फिरवतो. लहान केलं की तो बघतोय, मोठं केलं की मी बघतोय."

टिंबीला एकदम सगळं आठवलं. वडिलांच्या खांद्यावर बसलेली ती, आणि खालून त्यांचा तो खणखणीत आवाज, "पोट सुटलंय! आत घे पोट!" म्हणायचे ते अक्षराच्या पोटाला, पण रस्त्यानं जाणारे सगळे ढेरपोटे दचकून पोट आत ओढायचे आणि ती हसून हसून वडिलांचे केस ओढायची. शिडीवरून काका ओरडायचे, "घेतलं, मालक! अजून?" तिला रडू आलं. चांगलंच आलं. काकांनी रंगाचं फडकं पुढे केलं, ते तिनं तसंच डोळ्यांना लावलं.

मग मात्र पदर खोचला. लॅपटॉपवर तपासणीचं हत्यार चालू केलं आणि काकांसारखंच चाक फिरवलं, जवळ, लांब, जवळ. चूक नेमकी कुठे ते दाखवणारी लाल ओळ आली! प्रोग्राम काढलेलं अक्षर मेमरीतल्या एका खोलीत ठेवायचा. खोल्या थोड्या, आणि वडिलांची अक्षरं थरथरीसकट जड, त्यामुळे त्या लवकर भरायच्या. मग लॉजवर पाहुणा चहाला खाली उतरावा, लॉजवाल्यानं त्याची खोली दुसऱ्याला द्यावी, आणि पाहुण्यानं परत येऊन सवयीनं पलंगावर अंग टाकावं, तसं व्हायचं. आत जो कोणी झोपलेला, त्याप्रमाणे बोंब. म्हणून तर मरणाची नोंद दर वेळी वेगळी! एकदा सोडलेल्या अक्षराकडे कोणी इतक्या लगेच परत येईल, हे प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. ऑफिसात कोणी परत येतही नव्हतं.

दुरुस्ती चार ओळींची. पाहुणा चावी देत नाही तोवर खोली द्यायची नाही, बस्स. काकांनी हात दुखेपर्यंत चाक फिरवलं. लाजाळू मेला नाही. टिंबीनं मॅनेजरला लाल ओळीसकट सगळं पाठवलं आणि त्याचं उत्तर आलं, फॉन्ट राहू दे.

"झालं काका. आता खुशाल फिरवा चाक."

काकांनी पडदा दाराकडे वळवला. पाटी रुंद म्हणून त्यांनी अक्षरं जरा ताणली होती.

"जा, समोर उभी राहा."

"कशाला? चाक चालतंय की आता."

"चालतंय गं," काका म्हणाले. "पण ते बोलत नाही."

टिंबी गेली. समोरच्या फुटपाथवर, वडील उभे राहायचे साधारण तिथेच उभी राहिली. डोळे बारीक करून तिनं पाहिलं. मधलं अक्षर खरंच सैल पडलं होतं. तिनं छाती भरून श्वास घेतला.

"पोट सुटलंय! आत घे पोट!"

पिशव्या घेऊन चाललेला एक गृहस्थ दचकला आणि त्यानं झटकन पोट आत ओढलं.

दुकानातून काकांचा चिरका आवाज आला, "घेतलं, मालक! अजून?"

पाटी आता बरोबर झाली होती. तिला ते दिसत होतं.

"अजून थोडं!" ती ओरडली.