पाद्र्याचा 'द'

क्रांती वानखेडे जर्मनीत एर्लांगेनला एका मेलेल्या तुर्की बोलीवर संशोधन करत होती. ती बोलणारं जगात कुणी उरलं नव्हतं. उरली होती फक्त एका जर्मन पाद्र्याची वही, दीडशे वर्षांपूर्वी कानाने ऐकून टिपलेले दोनशे शब्द. त्यात डोंगराला 'दाऊ' म्हटलं होतं. यातला 'द' तुर्की भाषांच्या ओगुझ शाखेचा, 'आऊ' मात्र किपचाक शाखेचा. मग बोली कुठली? क्रांतीच्या गाइड प्रोफेसर फोग्लबाई वीस वर्षं ओगुझ म्हणत होत्या, हॅम्बुर्गचे प्रोफेसर लोरेन्त्स किपचाक.

शनिवारी क्रांतीच्या मुलीचा, तनयाचा वाढदिवस होता. क्रांती सासूबाईंना, कमलाबाईंना घेऊन केक आणायला गेली. कमलाबाईंनी नातीचं नाव दोनदा सावकाश सांगितलं. बेकरीवालीने "जा, जा", म्हणजे हो हो, म्हणत क्रीमने लिहिलं, दनया.

"मी 'त' म्हटलं गं," कमलाबाई म्हणाल्या. "हिने 'द' कुठून काढला?"

"आई, इथल्या जुन्या माणसांना त आणि द सारखेच ऐकू येतात. यांची बोलीच..."

क्रांती थांबली. पाद्री इथलाच होता, शेजारच्याच गावचा.

"आई, तुम्ही केक घेऊन बसने घरी जाल?"

"जाईन की. झालं काय?"

पण क्रांती सायकलवर बसलीसुद्धा होती.

विद्यापीठात ठेवलेल्या वहीच्या शेवटच्या पानांवर पाद्र्याचा घरचा मजकूर होता. तो आजवर कुणी धड वाचलाच नव्हता. तिथे त्याने 'टांटे', म्हणजे मावशी, हा साधा जर्मन शब्द 'दांदे' असा लिहिला होता. एकदा नाही, नऊदा.

फोन केल्यावर फोग्लबाई बागेतल्या मातीने भरलेल्या बुटांनिशीच आल्या. पान वाचून खाली फरशीवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या.

"म्हणजे मूळ शब्द 'ताऊ'. किपचाक. वीस वर्षं मी एका पाद्र्याच्या कानाची वकिली केली."

त्यांनी तिथूनच हॅम्बुर्गला फोन लावला. "लोरेन्त्स, तुमचंच बरोबर होतं. क्रांतीने पुरावा शोधलाय."

"आल्झो... म्हणजे असं की, मी सोमवारीच लेख पाठवलाय," लोरेन्त्स म्हणाले. "तुमचं ओगुझ मान्य करून."

फोग्लबाईंना पुन्हा हसू फुटलं, मग फोनमधूनही खो खो आवाज येऊ लागला.

"लेख परत मागवतो," ते धापा टाकत म्हणाले. "नवा तिघांनी लिहू. पहिलं नाव क्रांतीचं."

"गेनाऊ, अगदी बरोबर," फोग्लबाई म्हणाल्या.

क्रांतीही त्यांच्याशेजारी फरशीवर बसली.