मार्था हॉलिसचा दगड

माजिदाबाई शाळेत इतिहास शिकवायच्या. निवृत्त झाल्या त्याच वर्षी नवरा गेला. मुलगा ताबीश दुबईला. घर खायला उठायचं. मग त्यांनी एक नाद लावून घेतला. रेल्वेचे पहिले रूळ पडले तेव्हा सोलापुरात येऊन राहिलेले गोरे कोण, कशाने मेले, कुठे पुरले, ते शोधायचं.

त्यांचं हे काम इंटरनेटवर पाहून लंडनच्या एका बाईने विचारणा केली. तिची खापरपणजी मार्था हॉलिस, रेल्वेच्या साहेबाची बायको, इथेच पटकीने वारली होती. थडगं सापडेल का?

माजिदाबाईंनी गोऱ्यांची जुनी दफनभूमी पालथी घातली. चौथरा सापडला, वरचा दगड नव्हता. मागच्या वस्तीत असे दगड गेलेत असं कळलं, तेव्हा त्या दारोदार विचारत फिरल्या.

तो निघाला मल्लव्वाच्या परसात. म्हातारी एकटी राही, त्यावर धुणं धुवी. सासूने अक्षरं खाली करून तो बसवला होता. कुणाच्या नावावर साबण नको म्हणून.

दोघींनी पहारीने तो उलटवला. माजिदाबाईंनी नाव वाचून दाखवलं. वय बावीस.

"लेकरं व्हती?" मल्लव्वाने विचारलं.

"एक मुलगी. बाप तिला घेऊन विलायतेला परतला."

"म्हंजे हिला एकलीलाच हितं ठेवून गेली की समदी." तिने हातातली पहार भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "न्या. पर बसवताना मी बी येते."

हातगाडीवरून दगड नेला, चौथऱ्यावर बसवला. मल्लव्वाने पदराने अक्षरांतली माती पुसली. बदल्यात माजिदाबाईंनी तिला धुण्यासाठी शहाबादी फरशी आणून दिली.

फोटो पाहून लंडनच्या बाईने दोन ओळींत आभार मानले. माजिदाबाईंनी उत्तरात मार्थाचं कळलेलं सगळं सविस्तर लिहिलं आणि तुम्ही कधी याल, असंही विचारलं. महिना उलटला तरी उत्तर आलं नाही. तिला फक्त जागा हवी होती. ती मिळाली होती.

एका दुपारी त्यांनी ताबीशला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. त्या उठल्या, घराला कुलूप लावलं आणि चालत वस्तीत गेल्या.

मल्लव्वा फरशीवर लुगडं आपटत होती. माजिदाबाईंना पाहून तिने ओल्या हातानेच पाट पुढं सरकवला.

"बसा," म्हणाली. "एवढं पिळून घेते, मग च्या टाकते."